दोरीचं दुसरं टोक

पहिलंच सांगते, मला राग लय येतो. आमच्या घरात भांडं पडलं तरी सगळे आधी माझ्या तोंडाकडं बघतात. हे सांगायचं कारण असं, की जे झालं त्याचं खापर शेवटी माझ्या रागावरच फोडलं गेलं. "तुझा स्वभाव माहीत हाय, म्हणून कुणी बोललं न्हाई," असं म्हणून सगळे मोकळे झाले. वा रे वा! चोर सोडून संन्याशाला फाशी.

आम्ही दोघी जावा परभणीत एकाच घरात राहतो. मी थोरली. पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन आहे, गल्लीतल्या बायांचे ब्लाउज आणि पोरींचे ड्रेस शिवते. धाकली माझ्याहून बरीच लहान. ती लग्न होऊन आली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "जावा जावा उभा दावा, बघा आता." पण आमचा दावा कधी लागलाच नाही. ती मला ताई म्हणायची, मी रागावले की गप ऐकून घ्यायची आणि थोड्या वेळानं चहा आणून द्यायची. मला बहीण नाही. ती आल्यावर ती जागा भरली असं मला वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मला पोहता येतं हे सासरी कुणालाच माहीत नव्हतं. पोखर्णीच्या रस्त्याला आमचं शेत आहे, तिथं शेततळं खोदलंय. शेततळ्याला खालपासून वरपर्यंत काळा प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही. आत पडलेलं जनावर पोहत पोहत दमून मरतं, पण वर येऊ शकत नाही. एका उन्हाळ्यात शेजारच्या धनगराच्या शेळीचं पिल्लू त्यात पडलं. बाप्ये बांबू शोधायला पळाले. मी पदर खोचला आणि उडी मारली. पिल्लाला काखेत धरून कडेला आले आणि वरून सोडलेल्या दोरीला धरून उभी राहिले. काठावर धाकली तोंडाला हात लावून उभी होती.

"आता गं बया! ताई, तुमाला पोहता येतं?"

"मग काय बुडता येतं?" मी म्हणाले.

मी राणीसावरगावची. आमच्या मळ्यात गोल विहीर होती. बाजाराच्या दिवशी बाप्ये माणसं गावात गेली की आम्ही दोघी-तिघी पोरी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून त्यात उतरायचो. मोठ्या भावाला माहीत होतं, पण त्यानं आईला कधी सांगितलं नाही. लग्न ठरलं आणि ते पोहणं सुटलं. सासरी कशाला सांगायचं? कुणी विचारलंही नाही.

त्या पिल्लाच्या दिवसापासून धाकली मागंच लागली. मला शिकवा, मला शिकवा. तिला पाण्याची लय भीती. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहिली तरी माझं मनगट सोडायची नाही, नखं रुतायची. मी तळ्याच्या चारी बाजूंनी गाठी मारलेल्या दोऱ्या सोडल्या, तिच्या पोटाखाली हात धरला आणि तिला तरंगायला शिकवलं. ती ओरडायची, मी तिच्यापेक्षा जोरात ओरडायचे. एक दिवस तिनं पूर्ण तळं पार केलं आणि पलीकडची दोरी धरून लहान पोरीसारखी हसायला लागली. मी तर रडलेच त्या दिवशी. तिला म्हणाले, डोळ्यात पाणी गेलंय.

शर्यतीचं खूळ तिचंच. तिनं मोबाईलवर कुठल्या तरी शर्यतीचा व्हिडिओ दाखवला. दोघं दोघं कमरेला एकच दोरी बांधून तळ्यात पोहतात, बाहेर येऊन ओल्या कपड्यात पळतात, परत पाण्यात शिरतात. पायात बूट तसेच.

"बूट घालून पाण्यात?" मी म्हणाले. "म्हसरं तरी अनवाणी जातात."

ती हसत सुटली. मग म्हणाली, येलदरीच्या धरणावर अशी शर्यत होणार आहे, बायांच्या जोड्या वेगळ्या, आणि आपण दोघी जायचं. मी नाही म्हणाले. रात्रभर झोप लागली नाही आणि सकाळी हो म्हणाले.

मला जिंकायचं नव्हतं. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. मला एवढंच पाहिजे होतं, की जे मी लहानपणी लपून केलं, ते एकदा उजेडात करावं. लोक काठावर उभे आहेत, घरचे बघायलेत, आणि मी पाण्यात आहे. ह्या वयात बाई आणखी काय मागते? एकदाच. आणि सोबत धाकली, कारण तिच्याशिवाय मी त्या धरणाकडं फिरकलेसुद्धा नसते.

तयारीला लागलो. मार्केटमधून ताणणारं कापड आणलं आणि दोघींना एकसारखे पूर्ण बाह्यांचे कपडे शिवले, खाली घोट्यापर्यंत. बॅगेचे जुने पट्टे उसवून कमरपट्टे केले, त्यांना हुक बसवले, आणि तीन पदरी दोरी माझ्या हातानं वळली. पहाटे कृषी विद्यापीठातल्या रस्त्यानं पळायला जायचो. फिरायला येणारे रिटायर लोक विचारायचे, "काय वैनी, बस सुटली का?" मी म्हणायचे, "तुमची कधीच सुटली काका, आता निवांत चाला." धाकली माझ्या पाठीत बुक्की मारायची.

एक अडचण मात्र निघाली. तळ्यात ती कळली नव्हती, कारण तळं लहान. धरणावर सरावाला गेलो तेव्हा कळली. पाण्यात खुणेला बांधलेला लाल फुगा नजरेसमोर धरून निघायचं, तर मी डावीकडं जात राहायचे. डोकं वर काढून बघितलं की फुगा भलतीकडंच. धाकली बेजार झाली. शेवटी मलाच उमगलं. गोल विहिरीत आम्ही नेहमी भिंत उजव्या हाताला ठेवून गोल गोल पोहायचो. सगळं बालपण डावीकडं वळण्यात गेलं, अंगाला तीच सवय लागली. धाकली चौकोनी तळ्यात शिकलेली, ती सुतासारखी सरळ जायची. तिनंच उपाय काढला. ती माझ्या डाव्या बाजूनं पोहायला लागली. मी कलले की तिच्या खांद्याला माझा खांदा लागायचा आणि मी सरळ व्हायचे. "ताई, मी तुमची भिंत," ती म्हणाली होती. तिच्या तोंडचे हे शब्द आहेत, माझे नाहीत.

पुढचं सगळं मोबाईलवरचं काम तिनं केलं. नाव कसं घालायचं, फोटो कसा टाकायचा, मला त्यातलं काही कळत नाही. "झालं बरं का ताई," ती म्हणाली, आणि मी विश्वास ठेवला. घरच्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा?

शर्यतीच्या दिवशी मी उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधली. सासूबाईंनी दोघींच्या कपाळाला कुंकू लावलं. माझ्या कपाळाला लावताना त्यांचा हात जरा थांबला. मला वाटलं काळजी वाटायलीय. दिरांनी गाडी काढली, आमचे मालक पुढं बसले. मागं आम्ही दोघी. ती खिडकीबाहेर बघत होती. मी म्हणाले, "भ्यालीस का?" ती म्हणाली, "न्हाई ताई." मी तिचा हात हातात घेतला. गार होता.

धरणावर पोचलो. मंडप, भोंगा, पोरापोरींची गर्दी. बायांसाठी कापड लावून आडोसा केला होता. तिथं मी तिच्या मानेला आणि काखेत खोबरेल तेल चोळलं, कपडा घासून कातडं सोलवटू नये म्हणून. ती मान खाली घालून उभी होती. मग म्हणाली, "ताई, तुमी पुढं होऊन टोप्या घेऊन या, मी आलेच."

मी टेबलापाशी गेले, नाव सांगितलं. तिथल्या पोरीनं हसून मला एक नारिंगी टी-शर्ट दिला. "या काकू. तुमची ड्यूटी दुसऱ्या वळणावर आहे, पाणी आणि केळी द्यायची."

"मी पोहायलेय," मी म्हणाले. "जोडीत हाय."

तिनं परत बघितलं. "नाही काकू, तुमचं नाव मदतनीसांत आहे. तुमच्याच आडनावाच्या बाईनं घातलंय."

मला वाटलं काही तरी घोटाळा झालाय. कपाळावर आठ्या घालून मी धाकलीला शोधायला वळले. ती आडोशातून बाहेर येत होती. कमरेला माझ्या हातचा पट्टा, पट्ट्याला माझ्या हातची दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक एका उंच, पिळदार अंगाच्या बाईच्या कमरेला होतं. मी तिला ओळखलं. धाकली ज्या व्यायामशाळेत अधूनमधून जायची तिथं शिकवणारी. माझ्यासाठी शिवलेला पट्टा तिला आखूड पडत होता, म्हणून शेवटच्या भोकात अडकवला होता.

मला आधी काही समजलंच नाही. डोळ्यांनी दिसायलंय, पण आत जाईना. मग एकदम गेलं.

मी मालकांकडं वळले. ते पाण्याकडं बघत होते.

"तुमाला माहीत होतं?"

दीर म्हणाले, "वैनी, मी चहा बघतो," आणि सटकले.

"तुमच्या आईलासुदा माहीत होतं?"

"हे बघ," मालक म्हणाले, "तिला एक डाव पहिलं यायचंय. तू डावीकडं जातीस, ती म्हणे जोडी मागं पडती. तुला सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस. तुझा स्वभाव..."

"माझा स्वभाव! आणि तुमचा स्वभाव काय? मुक्याचा?"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. मला त्यांची पर्वा नव्हती. घरात पाच माणसं, त्यातली चार जणं कितीक दिवस माझ्यासमोर जेवली, माझ्या हातची भाकरी खाल्ली, मी दोरी वळत बसले तेव्हा कौतुक केलं. आणि सगळ्यांना ठाऊक. मी वळत होते ती दोरी कुणाच्या कमरेला जाणार हेसुद्धा ठाऊक. दगा ह्यालाच म्हणतात. दुसरा शब्द मला तरी माहीत नाही. कुणी परक्यानं केलं असतं तर चार शिव्या घातल्या असत्या आणि विसरले असते.

निघून जावं असं वाटलं. पण जाणार कुणाच्या गाडीत? आणि मग राग असा चढला की मी तो टी-शर्ट अंगावरच्या कोरड्या पोशाखावर घातला. म्हटलं, बाई, तुला माझ्यासमोरून जायचंय ना? मग जा. दोन डोळ्यांदेखत जा.

दुसऱ्या वळणावर पोहणारे पाण्यातून बाहेर यायचे, चिखलातून पळत यायचे, माझ्याकडून लिंबू-मिठाचं पाणी प्यायचे आणि पुढच्या टोकाला परत पाण्यात शिरायचे. मी ग्लास भरत उभी राहिले. पाणी माझ्यापासून चार पावलांवर. वारा नव्हता, लाल फुगे स्वच्छ दिसत होते. पाय शिवशिवत होते. एक एक जोडी येत होती, धापा टाकत, हसत, एकमेकींना ओढत. एक पोरगी तिच्या जोडीदारणीला म्हणाली, "चल गं, मी हाय ना." मी केळं सोलून तिच्या हातात कोंबलं.

मग ह्या दोघी आल्या. पहिल्या जोडीच्या मागंच होत्या. उंच बाईनं ग्लास उचलला. धाकली मला बघून थबकली. तिच्या ओठांचा रंग गेला होता. ती ग्लासाला हात लावेना.

"पी," मी म्हणाले. "पाण्याशी कुणी वैर धरत न्हाई."

ती प्यायली. तेवढ्यात माझी नजर तिच्या पट्ट्यावर गेली. हुक उलटा लावलेला. माझ्या हातचा हुक, मला माहीत होतं, दोरीला झटका बसला की तो सुटणार. पाण्यात सुटला की दोघी वेगळ्या, आणि वेगळ्या पोहल्या की शर्यतीतून बाद. मी गप बसले असते तरी कुणी मला काही म्हणणार नव्हतं. देवाशपथ सांगते, एक क्षण मी गप बसले होते.

"मुडदा बशिवला तुझा, उलटा लावलास," मी ओरडले आणि तिला कमरेला धरून जवळ ओढलं. हुक काढला, सरळ केला, दोनदा ओढून बघितला. माझ्या हातचं काम लोकांसमोर सुटलं असतं तर नाव माझं गेलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. ती माझ्या कानाशी काही तरी पुटपुटली. मी ऐकलं नाही. "जा," म्हणाले आणि पाठीत एक धपका दिला. जरा जोरातच बसला.

त्या जिंकल्या. शेवटच्या पोहण्यात त्यांनी पुढची जोडी गाठली आणि सरळ रेघ मारल्यागत काठाला लागल्या. भोंग्यावर नावं पुकारली, हार घातले. मालकांनी फोटो काढले. मी रिकामे ग्लास गोळा करत होते.

परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारीच बसली, दुसरी जागाच नव्हती. पदक तिनं मुठीत धरलं होतं. जिंतूर गेलं. दशम्यांची पिशवी तशीच बांधलेली होती. दिरांनी एकदा रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

घरी पोचलो तर दारात गल्ली जमलेली. दिरांनी फोनवर सांगितलं असणार. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. आमच्याकडं लांबून यश घेऊन आलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर थांबवतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायावर पाणी घालतात आणि तेच पाणी त्याच्या डोळ्यांना लावतात. दृष्ट निघते म्हणतात. आणि हे काम घरातल्या थोरल्या सुनेचं.

"थोरले," सासूबाई म्हणाल्या, माझ्याकडं न बघता, "भाकरतुकडा आण."

गल्लीतल्या बाया बघत होत्या. मी आत गेले. सकाळची अर्धी भाकरी होती, तिचा तुकडा मोडला, तांब्या भरला आणि दारात आले. धाकली उंबऱ्याबाहेर उभी होती. केस वाळून चिकट झालेले, मानेवर माझं तेल अजून चमकत होतं. मी तुकडा ओवाळला, तीन वेळा, आणि रस्त्यावर टाकला. पायांवर पाणी घातलं. बोटं ओली करून तिच्या डोळ्यांना लावायला गेले तर डोळे आधीच ओले. कुणी तरी बाई म्हणाली, "बघा, कशा बहिणीबहिणी."

ती वाकली. माझ्या पायाला हात लावायला.

मी पाय मागं घेतले.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, लोक बघायलेत."

"बघू द्या. आज बघायलाच गेले होते सगळे." मग मी तिला म्हणाले, "नमस्कार नंतर. आधी मला तोंडावर सांग. ह्यांच्याकडून नको, मोबाईलमधून नको. तू सांग."

ती वाकलेलीच राहिली. तिचा आवाज आला, पायांपाशी, लहान.

"ताई, तुमच्यासंगं मी हरले असते."

"मग हरायचं होतंस की गं," मी म्हणाले. "माझ्यासंगं हरायचं होतंस."

ती तशीच खाली बसली, ओल्या दगडावर, आणि तोंड झाकून घेतलं. तिला उठवायला कुणी पुढं आलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते, नेहमीसारखे, मी आता काय करते म्हणून. मी तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि आत गेले.